लक्ष्मी रस्ता एक दिवस बंद ठेवला तर कुणाचं काय जातं?

तिसरी घंटा (शुक्रवार, रात्री ९:५०)

परवा बुधवारी, ११ डिसेंबरला, पुणे पालिकेचा पादचारी दिन झाला. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद. त्यावर आमच्या सोसायटीच्या गटावर काल एक पोस्ट फिरत फिरत आली. लिहिणारे रस्त्यावरचे जुने व्यापारी असावेत. मजकूर थोडक्यात असा: 'पालिकेने ऐन लग्नसराईत धंद्याचा एक दिवस बुडवला. गिऱ्हाईक गाडीतून येतं. गाडी लावायला मिळाली नाही की ते मॉलमध्ये जातं. ज्यांना चालायची एवढी हौस आहे त्यांनी पर्वतीवर जावं.'

पर्वतीवर मी आठवड्यातून चारदा जातो, तेव्हा तो सल्ला मला लागू नाही. बाकीच्याला उत्तर देतो.

मी नारायण पेठेतला. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी तेवढी शिवाजीनगरला केली. बुधवारी संध्याकाळी बायकोला घेऊन बाहेर पडलो आणि लक्ष्मी रस्त्यावर आम्ही दोघं शेजारी शेजारी चाललो. हे वाक्य पुन्हा वाचा. एरवी आम्ही एकामागे एक चालतो, मी पुढे, ती मागे. काही बोलायचं तर मान वळवायची, आणि मान वळवली की कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा कोपराला. बुधवारी ती मध्येच थांबून म्हणाली, 'अहो, वर बघा.' वर एका जुन्या इमारतीची लाकडी गॅलरी, खाली नक्षीचे ब्रॅकेट, एका खांबाला बांधलेली वाळकी तुळस. त्या इमारतीखालच्या दुकानातून मी तीस वर्षं पायजमे घेतोय. वर कधी बघितलंच नव्हतं, कारण डोळे कायम जमिनीवर आणि मागून येणाऱ्या हॉर्नवर.

आता 'गिऱ्हाईक गाडीतून येतं' या वाक्याबद्दल. गेल्या महिन्यात चष्म्याची काच बदलायला याच रस्त्यावर दीड तास बसलो होतो. सकाळी साडेदहाची वेळ, शटरं वर जात होती. समोरच्या पाच-सहा दुकानांपुढे एकेक स्कूटर येऊन लागत होती. उतरणारा माणूस हेल्मेट काढायचा आणि शटरला हात लावून नमस्कार करून आत जायचा. काही मालक, काही नोकर. अकरा वाजता रांग भरली. बारा वाजता मी निघालो तेव्हा त्यातली एकही गाडी हललेली नव्हती. गिऱ्हाईकं येत होती, भरपूर येत होती, पण गाडी कुठे तरी लांब लावून चालत. मग पार्किंग नेमकं कुणाचं वाचवायचंय?

आणि तुळशीबाग? तिथे सायकल ढकलत न्यायची सोय नाही. कधी कुणी म्हटलंय का की पार्किंग नाही म्हणून तुळशीबागेत शुकशुकाट आहे? विसर्जनाला हाच लक्ष्मी रस्ता अठ्ठावीस-तीस तास बंद असतो, तेव्हा कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की वर्षातून एक दिवस हे नाटक झालं. दर रविवारी करा, मग कळेल.

लिंबूसरबत (शुक्रवार, रात्री १०:०५)

दर रविवारी केलं तर पर्वतीवर कोण जाणार? तिथल्या भेळवाल्यांच्या पोटाचा विचार केलाय का?

गल्ल्यावरून (शुक्रवार, रात्री ११:२०)

ती पोस्ट माझी नाही. असती तरी लाज वाटली नसती.

आमचं कापडाचं दुकान. आजोबांनी टाकलं, मी तिसरा. घंटाकाका, तुम्ही दीड तास चष्म्याच्या दुकानात बसून लक्ष्मी रस्त्याचं अर्थशास्त्र शिकलात, अभिनंदन. मी पस्तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय.

बुधवारी गर्दी होती, नाही म्हणत नाही. पण गर्दी वेगळी आणि गिऱ्हाईक वेगळं. फोटो काढणारे आले, पोरंटोरं आली, पथनाट्य झालं, टाळ्या झाल्या. माझ्याकडे आत येऊन 'जरा पंख्याखाली बसू का' म्हणणारे अकरा जण आले. साडी मागणारे किती ते विचारू नका.

आमचा खरा धंदा बस्त्याचा. शिरूर, दौंड, भोर, इंदापूर इथून माणसं येतात. एका गाडीत नऊ-दहा जण, त्यात नवरीची आजी, मावशी, मामी आणि एक रुसलेला काका. चार-चार तास बसतात. शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे कपडे, फेट्याचं कापड. निघताना सहा-सात बोचकी. ती घेऊन त्यांनी मंडईपर्यंत चालायचं? बुधवारी भोरची एक पार्टी अलका चौकातून फोन करत होती. पोलीस सोडेनात. 'येतो फिरून' म्हणाले. आले नाहीत. संध्याकाळी कळलं, सातारा रस्त्यावर बस्ता उरकून गेले. त्या एका बस्त्यात माझं महिन्याचं वीजबिल आणि दोन पगार निघाले असते.

तुळशीबागेचं उदाहरण तर देऊच नका. तिथे पन्नास-शंभर रुपयांची कानातली विकली जातात, ती पर्समध्ये मावतात. शालू पर्समध्ये मावतो का?

आणि हो, दुकानासमोर आमच्या पोरांच्या गाड्या असतात. पोरं धायरी, आंबेगाव, फुरसुंगीहून येतात. रात्री साडेनऊला शटर पडतं. त्यानंतर फुरसुंगीची बस तुम्ही सोडणार आहात का?

कर्वेरस्तापार (शनिवार, सकाळी ७:१५)

गल्ल्यावरून यांच्याशी शंभर टक्के सहमत. आम्ही मूळचे सदाशिव पेठेतले, १९९४ पासून कोथरूडला. दसरा-दिवाळी, लग्नकार्य, सोनंनाणं, सगळं अजूनही लक्ष्मी रस्त्यावर. पण हल्ली गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास जातो. बायकोचे दोन्ही गुडघे बदललेत. तिला चालवत नेऊ? धागाकर्त्यांच्या बायकोला चालवतं याचा आनंद आहे, पण सगळ्यांच्या बायका पर्वती चढत नाहीत.

तिसरी घंटा (शनिवार, सकाळी ८:४०)

बायको पर्वती चढते असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मी चढतो. ती खाली तळ्यातल्या गणपतीपाशी बसते.

कर्वेरस्तापार, तुम्ही पेठ सोडलीत, मोकळी हवा घेतलीत, दारात झाडं घेतलीत, खाली स्वतःचं पार्किंग घेतलंत. आता आमच्या दारातही पार्किंग पाहिजे? २०२४ च्या सप्टेंबरात मंडईपर्यंत मेट्रो आली आहे. वनाजला बसा.

कर्वेरस्तापार (शनिवार, सकाळी ९:०२)

मेट्रोने कधी गेलात का स्वतः? वनाजहून बसायचं, जिल्हा न्यायालयाला उतरायचं, मग सरकत्या जिन्यांवरून पाताळात, दुसरी गाडी, मग मंडईला पुन्हा पाताळातून वर. बदललेल्या गुडघ्यांना विचारा. आणि 'पेठ सोडलीत' म्हणजे काय? आमच्या वाड्यात बारा बिऱ्हाडांत दोन संडास होते. सोडली तर सोडली. पेठ तुमच्या नावावर नाही.

रेघोट्या (शनिवार, सकाळी १०:३०)

भावना बाजूला ठेवून थोडी माहिती.

दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद आहे. तिथला लग्नाच्या कपड्यांचा बाजार आपल्या बस्त्यापेक्षा कितीतरी पट मोठा. तो काही उठून गेला नाही. चेन्नईत पाँडी बाझारला २०१९ मध्ये रस्ता अरुंद आणि फूटपाथ रुंद केले, शेजारी बहुमजली पार्किंग दिलं.

आपल्याकडे २०१६ मध्येच पालिकेने पादचारी धोरण केलं. इंडियन रोड्स काँग्रेसचा निकष सांगतो की फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. लक्ष्मी रस्त्यावर टेप घेऊन जा आणि सलग पन्नास पावलं तेवढी रुंदी मिळाली तर मला कळवा. २०१८ मध्ये पार्किंग धोरण आलं. रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यायचे असं ठरलं, केवढा गदारोळ झाला, मग म्हणे प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांवर करू. त्याच वर्षी बातम्या होत्या की शहरात गाड्या ३६ लाख आणि माणसं ३५ लाख. फुकट जागा मिळत असेल तर गाडी बाहेर निघणारच. गल्ल्यावरून यांच्या पोरांचाही दोष नाही. दिवसभर गाडी लावायचे तासाला पैसे पडले असते तर मालकानेच त्यांच्यासाठी काही सोय काढली असती.

गल्ल्यावरून (शनिवार, सकाळी १०:४८)

चांदणी चौकात मी वर्षातून दोनदा मालाला जातो. मोटारी नाहीत हे खरं. पण रिक्षा, हातगाड्या, ई-रिक्षा आणि मधून घुसणाऱ्या दुचाक्या बघितल्यात का? कागदावर वाचून रेघोट्या ओढू नका.

रेघोट्या (शनिवार, सकाळी १०:५५)

म्हणजे मोटारी नाहीत आणि तरी तुम्ही वर्षातून दोनदा माल घ्यायला जाता. धन्यवाद, माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

वाड्यातली पायरी (शनिवार, दुपारी १२:१०)

इतका वेळ वाचतेय. लक्ष्मी रस्त्यावर चालणाऱ्यांची बाजू झाली, विकणाऱ्यांची झाली. मागच्या बोळात राहणाऱ्यांचं कुणी बोलेल का?

लक्ष्मी रस्ता बंद केला की त्या गाड्या हवेत विरत नाहीत. केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता भरतो आणि तो भरला की आमचा बोळ. बुधवारी संध्याकाळी सासऱ्यांना डायलिसिसहून आणत होते. रिक्षावाल्याने शनिपाराच्या अलीकडेच हात जोडले, 'ताई, पुढं नाही जात, परत निघता यायचं नाही.' सासरे ब्याऐंशीचे. हाताला पट्टी बांधलेली. त्यांना एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने एक अनोळखी कॉलेजचा मुलगा, असे घरापर्यंत आणले. बोळात दोन्ही बाजूंनी गाड्या अडकलेल्या, सगळे हॉर्न वाजवतायत, आमच्या पायरीवर एक मोटरसायकल चढलेली. आणि दोनशे फुटांवरून स्पीकरचा आवाज येतोय, 'चालणं हा आपला हक्क आहे!'

सासरे म्हणाले, 'मग चालतोय की.' एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

तिसरी घंटा, तुम्हाला वर बघायला मिळालं, छान झालं. आम्हाला त्या दिवशी दार उघडता आलं नाही.

तिसरी घंटा (शनिवार, दुपारी १२:४५)

याला माझ्याकडे उत्तर नाही. पोलिसांनी बोळांच्या तोंडाशीही माणूस उभा करायला हवा होता, रहिवाशांना पास द्यायला हवे होते. गणपतीत देतात तसे. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

पण हा दोष बंद रस्त्याचा नाही, अर्धवट तयारीचा आहे.

वाड्यातली पायरी (शनिवार, दुपारी १२:५२)

अर्धवट तयारी हीच या गावाची पूर्ण तयारी असते. पास गणपतीतही मिळत नाहीत, ओळख लागते.

हडपसरकर (शनिवार, दुपारी १:३०)

पुणे म्हणजे अडीच पेठा असा जो समज आहे तो या धाग्याने पक्का केला. आमच्याकडे सोलापूर रस्ता ओलांडणं म्हणजे विमा काढून करायचं काम. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पहिला प्रयोग आमच्यावर झाला. बस मध्ये, थांबा मध्ये, आणि थांब्यापर्यंत पोचायला वाहत्या रस्त्यातून पळायचं. किती माणसं गेली त्यात. पुढे काय झालं त्या मार्गाचं, जाऊन बघा. आमच्यासाठी कुणी पादचारी दिन केला नाही. पादचारी दिनाला रस्त्यावर सापशिडी रंगवायची ती लक्ष्मी रस्त्यावर, आणि साप आमच्याकडे.

लिंबूसरबत (शनिवार, दुपारी १:३४)

या धाग्याला दुपारी एक ते चार सुट्टी द्यावी अशी विनंती.

गल्ल्यावरून (शनिवार, दुपारी १:५०)

हा विनोद आता पेन्शनीत काढा. आमचं दुकान सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ सलग उघडं असतं. गेली वीस वर्षं.

अनघा (शनिवार, दुपारी ३:०५)

कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. चालायला लावा, गाडीने आणा, मेट्रोने आणा, काहीही करा. लक्ष्मी रस्त्यावर बाईने लघवीला कुठे जायचं?

हसू नका. मागच्या वर्षी बहिणीच्या लग्नाचा बस्ता. आम्ही सहा बायका, आईला मधुमेह. अकराला बसलो. चहा आला, सरबत आलं, साडीवर साडी उलगडली. दीडच्या सुमारास आई माझ्या कानाशी आली. मी काउंटरवर विचारलं. 'ते स्टाफसाठी आहे.' म्हटलं, स्टाफचं असू दे. 'बंद आहे, पाणी नाही.' आम्ही तेव्हा लाखाच्या आसपास खरेदी केली होती, पेढ्यांचा बॉक्स वर ठेवला होता. आईला घेऊन मी रस्त्यावर. एक पालिकेचं सापडलं, त्याला कुलूप. दुसरं होतं, तिथे आत शिरायची सोय नव्हती, जास्त सांगत नाही. शेवटी एका हॉटेलात दोन कॉफी मागवल्या आणि न पिता आलो. परत दुकानात आल्यावर आईने पाणी घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत नाही.

माझ्या मैत्रिणींत हे ठरलेलंच आहे, लक्ष्मी रस्त्यावर जायचं तर सकाळपासून पाणी कमी प्यायचं.

पाटणकरीण (शनिवार, दुपारी ३:२०)

अगदी! आमच्या घरात याला 'कोरडा बस्ता' म्हणतात.

वाड्यातली पायरी (शनिवार, दुपारी ३:३१)

आमच्या दारावर महिन्यातून दोन-तीन तरी बायका थाप मारतात. 'ताई, प्लीज.' लाजून लाल झालेल्या असतात बिचाऱ्या. एकदा तर नवरीच होती, हाताला ओली मेंदी. तिच्या साडीच्या निऱ्या मी धरल्या होत्या. मी कुणालाही नाही म्हटलेलं नाही, पण माझं घर म्हणजे पालिकेचं स्वच्छतागृह आहे का?

कर्वेरस्तापार (शनिवार, दुपारी ३:४०)

विषय पार्किंगचा चालला होता. सगळ्या गोष्टी एकाच धाग्यात आणल्या तर चर्चा होत नाही. आणि एवढी अडचण असेल तर मॉलमध्ये सगळी सोय असते की.

अनघा (शनिवार, दुपारी ३:४३)

हो ना. म्हणूनच आम्ही मॉलमध्ये जातो.

नीट वाचा काय लिहिलंय. गल्ल्यावरून, तुम्हाला वाटतंय गिऱ्हाईक पार्किंगसाठी मॉलमध्ये गेलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता आता फेब्रुवारीत आहे. आई म्हणाली, लक्ष्मी रस्ता नको. आमच्या घरात चारचाकी नाही. कधीच नव्हती.

पाटणकरीण (शनिवार, दुपारी ३:५०)

👏👏👏

गल्ल्यावरून (शनिवार, संध्याकाळी ५:१५)

आता सगळ्या तोफा माझ्याकडे वळल्या. ठीक.

अनघाताई ज्या दुकानात गेल्या ते माझं नाही, एवढं नक्की, कारण आम्ही सरबत देत नाही. पण बाजूही ऐका. इमारत १९३०च्या आसपासची, आम्ही भाडेकरू. मागच्या जिन्याखाली एक संडास, तो आमच्यासकट चार दुकानांचा आणि वरच्या दोन बिऱ्हाडांचा. पाणी सकाळी दोन तास. नवीन बांधायचा तर मालक सही देत नाही, कारण त्याला बिल्डरची वाट बघायचीय. दिवसाला शंभर गिऱ्हाईकं सोडली तर साफ कोण करणार? पालिकेने बांधावं. आम्ही कर भरतो. तक्रार नगरसेवकाकडे करावी तर २०२२ च्या मार्चपासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाला कोण भेटणार?

अनघा (शनिवार, संध्याकाळी ५:२२)

तुमच्या दुकानात बायका कामाला आहेत का?

गल्ल्यावरून (शनिवार, संध्याकाळी ५:३०)

आहेत. पाच.

अनघा (शनिवार, संध्याकाळी ५:३१)

त्या कुठे जातात?

हडपसरकर (शनिवार, संध्याकाळी ६:१०)

उत्तर येईपर्यंत मी सांगतो. माझी भाची तुमच्याच रस्त्यावर एका दुकानात साड्या दाखवायला होती, दोन वर्षं. दिवसभर उभं राहायचं, बसायची परवानगी नाही. डब्याबरोबर अर्धा लिटरची बाटली न्यायची आणि ती भरलेलीच परत आणायची. मूत्रमार्गाचा संसर्ग तीनदा झाला. डॉक्टर म्हणाले पाणी प्या. आता फुरसुंगीत घरी ब्लाउज शिवते. कमी मिळतात, पण पाणी पिते.

गल्ल्यावरून शेठ, आमच्या पोरांसाठी तुम्हाला रात्रीच्या बसची काळजी, पोरींसाठी कशाची?

कर्वेरस्तापार (शनिवार, संध्याकाळी ६:२५)

हे व्यक्तिगत होतंय. एका माणसाला कोपऱ्यात घेऊन मारायची ही पद्धत बरी नाही. ते निदान इथे येऊन लिहितायत.

तिसरी घंटा (शनिवार, संध्याकाळी ६:४०)

कर्वेरस्तापार यांच्याशी पहिल्यांदाच सहमत होतोय, लिहून ठेवा. पण प्रश्न व्यक्तिगत असला तरी खोटा नाही. खरं सांगायचं तर मीही बायकोला विचारलं आत्ता. 'बुधवारी आपण तासाभरात का परतलो?' मला वाटलं होतं पाय दुखले. ती म्हणाली, 'का म्हणजे? माहीत नाही तुम्हाला?'

मला माहीत नव्हतं. मी पेठेतला, चार पावलांवर घर, म्हणून तिला घर तरी होतं.

रेघोट्या (शनिवार, रात्री ८:००)

या सगळ्यात जुन्या बसचं स्वच्छतागृह करण्याचा प्रयोग आठवला. बायकांसाठी, 'ती' नावाचा, जंगली महाराज रस्त्यावर संभाजी बागेपाशी बस उभी असायची. कल्पना चांगली होती, जागा कमी लागते, बांधकामाची परवानगी नको. अशी एक बस लक्ष्मी रस्त्याच्या एखाद्या तोंडाशी...

पाटणकरीण (शनिवार, रात्री ८:०४)

आणि ती बस उभी करायला पार्किंग कुठे मिळणार? 😄

लिंबूसरबत (शनिवार, रात्री ८:०५)

सम तारखेला डावीकडे, विषम तारखेला उजवीकडे. अडचण असल्यास क्रेन उचलून नेईल, आत कोणी असो वा नसो.

वाड्यातली पायरी (शनिवार, रात्री ८:३०)

लिंबूसरबत, आज पहिल्यांदा हसले.

गल्ल्यावरून (शनिवार, रात्री १०:४५)

दुकान बंद करून आता बसलोय. संध्याकाळपासून उत्तर दिलं नाही कारण शनिवार आहे आणि मला धंदा आहे, पळून गेलो म्हणून नाही.

शटर पाडताना आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या बाईंना विचारलं. एकोणीस वर्षं आहेत आमच्याकडे. म्हणाल्या, 'शेठ, मागचं दार दुपारनंतर वरची बिऱ्हाडं लावून घेतात. आम्ही मंडईत जातो, दोघी-दोघी मिळून.' मंडईत म्हणजे जायला सात-आठ मिनिटं, यायला सात-आठ मिनिटं. एकोणीस वर्षं मला वाटत होतं त्या भाजी आणायला जातात. मी एकदोनदा त्यावरून बोललोही होतो त्यांना, कामाच्या वेळेत भाजी कसली म्हणून.

बरं. आता कुणी टाळ्या वाजवू नका. वरच्या बिऱ्हाडांशी उद्या बोलतो, दाराची दुसरी किल्ली करून घेतो. ती आमच्या बायकांना आणि आमच्या दुकानात बसलेल्या बायकांना मिळेल. बसलेल्या म्हणजे बसलेल्या. नुसत्या किल्ली मागायला आलेल्या नाहीत.

रस्ता बंद करायला माझा विरोध कायम आहे. रविवारी तर अजिबात नाही. पाहिजे तर मंगळवारी सकाळी करा, तेव्हा तसंही कोणी नसतं.

तिसरी घंटा (शनिवार, रात्री १०:५८)

मंगळवार सकाळ मान्य. सुरुवात म्हणून. आणि माल उतरवायला टेम्पोला सकाळी नऊपर्यंत सूट, पेठेतल्या रिक्षाला कधीही सूट, पायरीताईंच्या सासऱ्यांसाठी.

गल्ल्यावरून (शनिवार, रात्री ११:०२)

टेम्पो नऊला येत नाही. साडेदहाला येतो. तुम्हाला काही माहीत नाही.

अनघा (शनिवार, रात्री ११:१०)

दुकानाचं नाव सांगा. फेब्रुवारीत आईला घेऊन येते. रिक्षाने.

गल्ल्यावरून (शनिवार, रात्री ११:१४)

इथे नाव लिहिलं तर उद्या सगळं पुणे किल्लीसाठी रांगेत. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

अनघा (शनिवार, रात्री ११:१६)

आला. दुपारी दोनच्या सुमारास येऊ. किल्ली कुणाकडे मागायची?

गल्ल्यावरून (शनिवार, रात्री ११:२०)

माझ्याकडे. गल्ल्याच्या खणात असेल. फक्त दोनला नका येऊ, तेव्हा मी जेवायला घरी असतो आणि खणाला कुलूप असतं. चारनंतर या.

लिंबूसरबत (शनिवार, रात्री ११:२१)

मी काहीही बोललेलो नाही.